नाणे वाजवून घ्यावे : छायाचित्रावरून निकाल देणाऱ्यांविरुद्ध एक धागा

१/२५
अहिल्यानगर जिल्ह्यात कोणाला जुने नाणे सापडले, की ते आज सराफाकडे जात नाही, संग्रहालयाकडेही जात नाही. ते आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे जाते. दोन छायाचित्रे एखाद्या समूहावर पडतात आणि काही मिनिटांत निकाल लागतात : ‘अस्सल’, ‘नकली’, ‘अवस्था उत्तम’, ‘लाखाच्या खाली देऊ नका’, ‘मोडीत घाला’. निकाल देणाऱ्याने नाणे हातात घेतलेले नसते. त्याचे वजन त्याला ठाऊक नसते, आणि कड तर कोणी पाहिलेलीच नसते. या निकालपद्धतीला विरोध म्हणून हा धागा लिहीत आहे.

२/२५
प्रथम भूमिका स्पष्ट करतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. छायाचित्रावरून नाण्याची ओळख बहुधा पटते. छायाचित्रावरून नाणे नकली असल्याचे पुष्कळदा सिद्ध करता येते. परंतु छायाचित्रावरून नाणे अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही, आणि त्याच्या अवस्थेविषयी, म्हणजे झीज, चमक, घासणी, डागडुजी यांविषयी, अंतिम मत देता येत नाही. चित्र नाण्याला दोषी ठरवू शकते, निर्दोष ठरवू शकत नाही. पुढचे सर्व विवेचन या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

३/२५
आपल्याकडे नाणेपारख हा जुना आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. मराठेशाहीत एकाच बाजारात अनेक टाकसाळींचे रुपये फिरत. अंकुशी, चांदवडी अशी त्यांची नावे होती आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा होता. खजिन्यात येणारे नाणे पारखण्यासाठी पोतदार असे. तो नाणे तोली, वाजवी, कसास लावी, कड पाही आणि मग ते घ्यावयाचे की नाही, व घ्यावयाचे तर किती बट्ट्याने, हे सांगे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा रुपया आणल्यावर ही विविधता ओसरू लागली. पण ‘वाजवून घेणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत राहिला. ‘पाहून घेणे’ याला आपण निराळाच अर्थ दिला.

४/२५
त्या पारखीच्या खुणा आजही नाण्यांवर दिसतात. सराफ आतला धातू तपासण्यासाठी नाण्यावर बारीक पोगर मारून छाप उमटवी. मोगल आणि मराठाकालीन रुपयांवर असे छाप सर्रास आढळतात. आजच्या छायाचित्र-परीक्षकास ते ‘डाग’ वाटतात आणि तो नाण्याची प्रत उतरवतो. वस्तुतः कोणा सराफाने हे नाणे हातात घेऊन तपासल्याची ती खूण असते. ज्याने नाणे हाती घेतले त्याची खूण दोष ठरावी, आणि ज्याने केवळ पडद्यावर पाहिले त्याचे मत प्रमाण ठरावे, हा उलटा न्याय आहे.

५/२५
आता आपल्या जिल्ह्याच्या नाण्यांकडे वळू. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना केली. ती १६३६ पर्यंत टिकली. आज पाहावयास मिळणारी निजामशाही नाणी प्रामुख्याने तांब्याची आहेत : जाड, ओबडधोबड फुलूस, ज्यांवर मुर्तझा किंवा बुऱ्हाण यांची नावे फारसी लिपीत येतात. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला आणि पुढे मोगल बादशहांच्या नावाचे रुपयेही अहमदनगरच्या टाकसाळीत पडले. जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांच्या रुपयांवर ‘जर्ब अहमदनगर’ वाचता येते. जिल्ह्याच्या इतिहासाचे हे धातूवरचे कागदपत्र आहे. त्याची परीक्षा कशी होते हा म्हणूनच केवळ छंदाचा प्रश्न राहत नाही.

६/२५
ही नाणी यंत्रावर पडलेली नाहीत. धातूचा तुकडा खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घातला जाई. ठसा पुष्कळदा तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. कधी टाकसाळीचे नाव बाहेर राहते, कधी हिजरी सन अर्धा तुटतो, कधी बादशहाच्या नावाची अखेरची अक्षरेच येतात. छायाचित्र पाहून ‘अर्धे अक्षर झिजले आहे’ असे म्हणणारा चुकतो. ते अक्षर झिजलेले नसते. ते या नाण्यावर कधी उमटलेच नव्हते. दोन्हींत फरक करण्यासाठी कडेजवळचा धातू तिरका धरून पाहावा लागतो.

७/२५
याहून सूक्ष्म फरक कमकुवत घाव आणि झीज यांतला. घाव हलका पडला, की नाण्याचा उंच भाग ठशात पूर्ण भरत नाही आणि अक्षरे पुसट राहतात. वापराने झीज झाली, तरी अक्षरे पुसटच दिसतात. चित्रात दोन्ही सारखी. हातात घेतल्यावर मात्र कमकुवत घावाच्या जागी मूळ तुकड्याचा खरखरीत पोत सापडतो, तर झिजलेली जागा गुळगुळीत लागते आणि वेगळी चकाकते. ही चकाकी प्रकाश फिरवल्याबरोबर फिरते. स्थिर चित्रात प्रकाश फिरत नाही. मग परीक्षकाने फरक ओळखला तो कशाच्या आधारावर?

८/२५
काही जण म्हणतात, ‘मोबाइल नको, स्कॅनर वापरा, स्कॅनर खोटे बोलत नाही.’ टेबलावरच्या स्कॅनरमध्ये दिवा आणि टिपणारी पट्टी एकत्र सरकतात. नाण्यावर प्रकाश एका ठरावीक दिशेनेच पडतो. काचेवर तेच नाणे पाव फेरा फिरवून पुन्हा स्कॅन करा : एका चित्रात ठसठशीत दिसलेला ओरखडा दुसऱ्यात नाहीसा होतो, आणि पहिल्यात सपाट वाटलेले अक्षर दुसऱ्यात उठून येते. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेला ओरखडा सावली पाडत नाही, म्हणून तो दिसत नाही. एकाच स्कॅनवर अवस्था ठरवणे म्हणजे साक्षीदाराचे अर्धे म्हणणे ऐकून खटला निकाली काढणे.

९/२५
स्वस्त, पातळ स्कॅनरची आणखी एक मर्यादा आहे. त्याची पट्टी काचेला टेकलेली वस्तूच नेमकी टिपते. नाण्याचा उंच भाग काचेला टेकतो. खोलगट भाग किंचित दूर राहतो आणि धूसर होतो. जाड निजामशाही फुलूस किंवा वाकलेला रुपया अशा स्कॅनमध्ये मुळापेक्षा अधिक झिजलेला दिसतो. उलट आरशासारखी पाटी असलेले नाणे स्कॅनमध्ये काळे पडते, कारण परावर्तित प्रकाश टिपणाऱ्या पट्टीकडे येतच नाही. काळे दिसले म्हणून ‘जळलेले’ आणि धूसर दिसले म्हणून ‘झिजलेले’ असे निकाल रोज दिले जातात. दोष यंत्राचा, शिक्षा नाण्याला.

१०/२५
मोबाइलची गोष्ट अधिक अवघड आहे. आजचा मोबाइल जे दिसते ते जसेच्या तसे टिपत नाही. तो चित्र सुधारतो. कडा धारदार करतो, पोत गुळगुळीत करतो, रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. पिवळ्या दिव्याखाली चांदी सोन्यासारखी दिसू शकते. फार जवळून काढलेल्या चित्रात गोल नाणे लंबगोल होते. प्रकाश खालून आलेला असेल तर उठावाची अक्षरे कोरल्यासारखी भासतात, कारण प्रकाश वरून येतो हे आपल्या डोळ्यांनी गृहीत धरलेले असते. पुढे तेच चित्र समूहातून समूहात जाताना दर वेळी अधिक दाबले जाते. शेवटच्या परीक्षकापुढे पोहोचते ती नाण्याच्या चित्राच्या चित्राची छाया.

११/२५
उदाहरण होनाचे घेऊ. छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्याचे वजन सुमारे २.८ ग्रॅम भरते. त्याच्या पितळी प्रतिकृती आठवण म्हणून उघडपणे विकल्या जातात. त्यात गैर काही नाही. गैर घडते ते प्रतिकृतीचे चित्र ‘वाड्यात सापडलेला होन’ म्हणून फिरू लागते तेव्हा. सोन्याची घनता सुमारे १९.३, पितळेची साधारण ८.५. म्हणजे त्याच आकाराच्या पितळी तुकड्याचे वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास येईल. वजन जुळवायचे तर जाडी दुपटीहून अधिक लागेल. सोनाराच्या काट्यावर क्षणात मिटणारा हा प्रश्न आहे. समूहावर त्याची चर्चा तीन-तीन दिवस चालते आणि वजन कोणी विचारत नाही.

१२/२५
नाण्याला दोन बाजू असतात असे आपण म्हणतो. पारख्याच्या दृष्टीने तीन असतात. तिसरी म्हणजे कड. बनावट नाणी साच्यात धातू ओतून केली जातात तेव्हा दोन अर्ध्या साच्यांची सांधरेषा कडेवर राहते. ती कानशीने घासली तर घासल्याच्या रेषा राहतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. ठशाने पडलेल्या नाण्यात धातू दाबाखाली वाहिलेला असतो, आणि ती वाहण्याची दिशा भिंगाखाली दिसते. समूहांवर येणाऱ्या चित्रांत कड जवळजवळ कधीच नसते. जिथे पुरावा असतो तीच बाजू गैरहजर असते.

१३/२५
छायाचित्राची उपयुक्तता मी नाकारत नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली शिवराई आणि मजकुराच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली नंतरच्या काळातली दुदांडी शिवराई यांतला फरक चित्रावरून उत्तम सांगता येतो. दुदांडीला ‘महाराजांच्या हातची’ म्हणणाऱ्याचा भ्रम चित्रावरूनच दूर करता येतो. शिवलिंग व बिल्वपत्र असलेला होळकरांचा रुपया महेश्वरच्या टाकसाळीचा, हे ओळखण्यास चित्र पुरते. अक्षरे वाचणे, चिन्हे ओळखणे, प्रकार ठरवणे ही कामे चित्राची आहेत. ती त्याने करावीत. अवस्था आणि अस्सलपणा ही त्याच्या अधिकाराबाहेरची प्रकरणे आहेत.

१४/२५
नकली ठरवण्यातही चित्र समर्थ आहे. हाताने पडलेल्या दोन नाण्यांचा बाह्याकार, भेग आणि मजकुराची सरक एकसारखी असूच शकत नाही. दोन चित्रांत ती तंतोतंत जुळली, तर त्यांपैकी निदान एक दुसऱ्यावरून किंवा दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली आहेत. तसेच राम-सीता किंवा हनुमान यांची प्रतिमा असलेली ‘१८१८ ची ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी घ्या. कंपनीने असे चलन कधी पाडलेच नाही. ती अर्वाचीन देवस्थानी टोकने आहेत. हे सांगण्यासाठी नाणे हातात घेण्याची गरज नाही. इथे चित्र पाहून ‘नाही’ म्हणणारा बरोबर असतो. त्याच चित्रपद्धतीने ‘होय’ म्हणणारा मात्र बरोबर असेलच असे नाही.

१५/२५
या ‘होय’ची किंमत सामान्य माणूस मोजतो. जुनी नाणी-नोटा लाखोंना विकत घेऊ असे सांगून आधी ‘शुल्क’, ‘कमिशन’ किंवा ‘कर’ मागणाऱ्या टोळ्या रिझर्व्ह बँकेचे नाव वापरू लागल्या, तेव्हा २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि असे शुल्क आपण घेत नाही. या फसवणुकीची पहिली पायरी कोणती असते? कोणीतरी चित्र पाहून नाणे ‘दुर्मीळ’ ठरवतो. त्याचा हेतू निर्मळ असेलही; पण त्याच्या एका शब्दाने नाणेधारकाच्या मनात आकडा बसतो आणि पुढच्या ठगाचे काम सोपे होते.

१६/२५
आता देखणेपणाविषयी. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-दारणा संगमाजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला : सुमारे १३,२५० नाणी. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखावर तीन कमानींची टेकडी, ग्रीक-ब्राह्मी-खरोष्ठी अक्षरांवर सातवाहनी चिन्हे. देखणेपणाच्या निकषाने पाहिले तर ही नाणी ‘बिघडलेली’ आहेत : चेहरा चेंगरलेला, लेख तुटलेला, दोन ठसे एकमेकांवर चढलेले.

१७/२५
परंतु नहपानाच्या सत्तेचा शेवट सातवाहनाने केला, या घटनेची सर्वांत ठाम साक्ष त्या ‘बिघडलेल्या’ नाण्यांनीच दिली. पराभूताचे चलन विजेत्याने आपले करून घेतल्याचे ते हजारो पुरावे होते. असा साठा आज सापडला आणि त्याची चित्रे समूहांवर पडली तर काय होईल? स्वच्छ मुखाची चार हजार नाणी ‘उत्तम’ म्हणून आधी विकली जातील. पुन्हा ठसा मारलेली नऊ हजार ‘खराब’ म्हणून चांदीच्या भावाने जातील. अवस्थेची प्रतवारी आणि ऐतिहासिक मोल यांची गल्लत करणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

१८/२५
या प्रतवारीचा सर्वांत मोठा अपाय नाण्याच्या अंगावर होतो. चित्र चांगले यावे म्हणून लोक नाणे घासतात. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, अगदी पॉलिश कागदसुद्धा. तांब्यावर शेकडो वर्षांत तयार झालेला तपकिरी-हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूचाच रूपांतरित पृष्ठभाग असून अक्षरांचा बारीक तपशील पुष्कळदा त्या थरातच टिकून असतो. तो निघाला की अक्षराची धारही जाते आणि परत येत नाही. अपवाद एकच : फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षारांमुळे होणारा रोग असतो, आणि त्याचा उपाय संग्रहालयाच्या रसायनज्ञाने करावयाचा असतो, स्वयंपाकघरात नव्हे. चकचकीत फुलूसाच्या चित्राला पसंती मिळते. आणि प्रत्येक पसंती पुढच्या नाण्याच्या घासणीला प्रोत्साहन देते.

१९/२५
दुसरा अपाय संदर्भाचा. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथील सातवाहन थरांत मिळालेली नाणी थराचा काळ सांगतात आणि थर नाण्यांच्या सोबतच्या वस्तूंचा काळ सांगतो. उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातले. दायमाबादच्या प्रसिद्ध चार धातुशिल्पांचा शोध १९७४ मध्ये उत्खननाच्या खड्ड्यात न लागता झाडाची मुळे खणताना लागला. पुढे त्यांचा काळ उत्तर हडप्पा मानला गेला. तरी त्यांतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या निर्णयावर आक्षेपही घेण्यात आले. वस्तू हाती असूनही केवळ जागेचा थर निसटल्यामुळे वाद उरला. ज्या नाण्याचे फक्त चित्र आहे आणि गावाचे नावही लपवलेले आहे, त्याचे काय?

२०/२५
जागा लपवली जाते त्याला कायद्याचे भय हे एक कारण आहे, आणि त्यातला सच्चा भाग मान्य केला पाहिजे. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शासनास ते संपादन करावयाचे झाल्यास मूळ कायद्यातला मोबदला म्हणजे धातूची किंमत आणि तिच्या पंचमांशाइतकी भर. तांब्याच्या फुलूसाला हे गणित लावा; सापडवणाऱ्याच्या हाती काय पडेल ते दिसेल. कायद्यानेच नाण्याला धातू मानले, म्हणून शेतकरी पडद्यावरच्या ‘लाखा’कडे वळतो. ही तक्रार रास्त आहे आणि तिचा रोख कायदा सुधारण्याकडे असला पाहिजे. माहितीत खोट घालण्याचे समर्थन तिच्यातून होत नाही.

२१/२५
आता प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला : ‘आम्ही हजारो नाणी पाहिली आहेत, आमच्या डोळ्याला कळते.’ डोळ्याचा अनुभव मोलाचा आहेच. पण तो अनुभव कशाचा आहे? हाती घेतलेल्या नाण्यांचा असेल, तर चित्रापुढे तोच डोळा अधिक सावध होतो. हजारो चित्रांचाच असेल, तर तो चित्रांचा अनुभव आहे. जुने अभ्यासक दूरच्या सहकाऱ्यास पेन्सिलने घासून घेतलेला ठसा किंवा प्लास्टरचा साचा पाठवीत, आणि सोबत वजन व व्यास लिहीत. पांढऱ्या प्लास्टरवर चमक नाही, रंग नाही, म्हणून भूलही कमी. आपल्या साधनात काय दिसत नाही हे त्यांना ठाऊक होते. आपल्या परीक्षकांत उणीव आहे ती या जाणिवेची.

२२/२५
दुसरा आक्षेप : ‘लिलावही चित्रांवरच होतात, आणि अमेरिकी संस्था ७० गुणांची प्रत देतातच ना?’ प्रतिष्ठित लिलावात चित्र ही जाहिरात असते. वर्णन लिहिणाऱ्याने नाणे हातात घेऊन तोललेले असते आणि त्या वर्णनाची जबाबदारी विक्रेता घेतो. प्रत देणाऱ्या संस्थांतही नाणे प्रत्यक्ष टेबलावर येते. शिवाय ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी आखली होती. जिथे ठसाच तुकड्यापेक्षा मोठा आहे अशा हातघावाच्या फुलूसाला ती जशीच्या तशी लावणे म्हणजे जात्यावरच्या पिठाला गिरणीचा निकष लावणे.

२३/२५
शेल्डनचीच एक कथा इथे उपयोगी आहे. त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगली सेंट नाणी काढून त्यांच्या जागी त्याने हलक्या प्रतीची ठेवली होती. हे सिद्ध झाले ते पूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांशी नाणी ताडून. म्हणजे ज्याने अवस्थेची मोजपट्टी दिली त्यालाच चित्रांनी पकडले! पण नीट पाहा : त्या चित्रांनी ‘हे तेच नाणे नव्हे’ एवढेच सांगितले. इथेही चित्राचे सामर्थ्य ओळख पटवण्यात आणि नाकारण्यातच दिसून आले. म्हणून माझा विरोध छायाचित्रणाला नाही. उलट प्रत्येक संग्रहातल्या प्रत्येक नाण्याचे चित्र असावे, हा माझा आग्रह आहे.

२४/२५
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : ‘अकोले किंवा जामखेडच्या माणसाने तज्ज्ञ कोठे शोधावा? चित्रामुळे ज्ञान गावापर्यंत पोहोचले.’ हे मान्य. म्हणून चित्र बंद करा असे न म्हणता, चित्र पुरे करा असे म्हणतो. नाणे धुऊ नका, घासू नका. दोन्ही बाजू आणि कड, तिन्ही चित्रे द्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. सोनाराच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन घ्या. एका दिव्याखाली नाणे हळूहळू तिरके करत छोटी चित्रफीत काढा. चमक, घासणी आणि ओरखडे त्यात बरेचसे बोलतात. स्कॅन करत असाल तर नाणे फिरवून चार वेळा करा. गणकयंत्राने सुधारलेले चित्र नको. आणि गाव, शिवार, सोबत काय मिळाले, हे स्वतःपाशी तारखेसह लिहून ठेवा.

२५/२५
निकाल देणाऱ्यांकडून मागणे याहून लहान आहे. तीनच उत्तरे वापरावीत : ‘ओळख अशी पटते’, ‘या कारणाने नकली दिसते’, आणि ‘हातात घेतल्यावाचून सांगता येत नाही’. किमतीचा आकडा कधीही देऊ नये. अहमदनगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थांनी आपली नाणी वजन, व्यास आणि कडेसह लोकांपुढे ठेवावीत, म्हणजे ताडून पाहण्यास विश्वासार्ह नमुना मिळेल; नाशिकजवळ अंजनेरीस नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिच्याकडे जाण्याची सवय आपण लावून घ्यावी. निजामशाहीचा एक फुलूस घासला गेला तर त्यावरचे अर्धे वाचलेले नाव पुन्हा कोणी पाडून देणार नाही. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी समूहावर नाण्याचे चित्र दिसले, की ‘किती मिळतील?’ याआधी ‘वजन किती?’ एवढे विचारा. उत्तर आले नाही, तर निकालही देऊ नका.

धागा समाप्त. पुढील धागा : शिवराईवरील अक्षरांची वळणे आणि त्यांवरून होणारे कालनिर्णय.